पंचवीस पौंडांची लाइन अठरा पौंडांच्या माशाने कशी तोडली: वेस्टपोर्टच्या एका अल्बाकोर-गटाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हा गट सिएटलच्या आसपास राहणाऱ्या सहा मराठी माणसांचा. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत, पण घडलं ते असंच. सगळ्यांत वडील काका, नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांचा भाचा, भाच्याची बायको (तिला आम्ही सगळे वहिनी म्हणतो) आणि भाच्याच्या ऑफिसातले तीन मित्र. तिसऱ्या सफरीला त्यांतल्या एका मित्राच्या जागी मी गेलो. पहिल्या दोन सफरींना मी नव्हतो. त्यांबद्दल जे लिहितो आहे, ते त्या सगळ्यांकडून स्वतंत्रपणे ऐकून आणि त्यांची रिळं हातात घेऊन तपासून.

वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावरचं वेस्टपोर्ट बंदर त्यांच्या सवयीचं होतं. दर उन्हाळ्यात ते तिथून सॅमनला जात. रॉड, रिळं, लाइन सगळं सॅमनसाठी घेतलेलं. एका वर्षी काकांच्या मनात आलं की या वेळी ट्यूनाला जाऊ. सहा गिऱ्हाइकं घेणारी एक चार्टर बोट ठरली, ऑगस्टमधली तारीख मिळाली.

अल्बाकोर हा तिथला ट्यूना, आपल्या कुप्याच्या भाऊबंदांतलाच, पण थंड पाण्याच्या कडेने फिरणारा. छातीचे पर इतके लांब की दुसऱ्या पाठपराच्याही मागे पोचतात. त्यावरून तो कुठल्याही ट्यूनात चटकन ओळखू येतो. जुलै ते सप्टेंबरच्या सुमारास त्याचे थवे उत्तर पॅसिफिक ओलांडून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे येतात. येणारे बहुतेक मासे अजून वयात न आलेले, साधारण २ ते ४ वर्षांचे आणि १५ ते २५ पौंडांचे असतात. या जातीचा गळाने पकडलेला विक्रमी मासा ४० किलोंचा आहे, १९७७ साली कॅनरी बेटांजवळ मिळालेला. वेस्टपोर्टच्या माणसाने त्या आकड्याचा विचार करायचं कारण नाही. इथला प्रश्न १८ पौंडांच्या माशाचा. आणि नेमका तोच मासा या गटाला दोन वर्षं पुरून उरला.

अडचण

पहिल्या सफरीत बोट सुमारे ४५ मैल आत गेली. हिरवट गढूळ पाणी संपून निळंशार, नितळ पाणी लागलं. तापमान १६ अंश सेल्सियसच्या आसपास, म्हणजे अल्बाकोरला हवं तसं. मासे भरपूर होते. दिवसभरात गटाच्या गळाला १९ मासे लागले आणि बोटीवर आले ७. बाकीचे १२ गेले. काही गळ सुटून गेले, पण बहुतेक लाइन तुटून. बंदुकीसारखा आवाज व्हायचा आणि रॉड एकदम सरळ, असं वहिनी सांगते.

परतीच्या वाटेवर सगळ्यांचं एकमत झालं: लाइन कमजोर होती. बहुतेक रिळांवर २५ पौंडांची मोनो, म्हणजे २५ पौंडांच्या ताणापर्यंत टिकणारी एकपदरी नायलॉनची लाइन होती, म्हणून पुढच्या वर्षी दुप्पट घ्यायची. इतका साधा हिशेब. तो मला कोणी फोनवर सांगितला असता, तर मीसुद्धा आधी मान डोलावली असती. लाइन तुटली तर जाड लाइन घ्या, हे कोणालाही पटणारं आहे.

दुसऱ्या वर्षी चार जणांनी रिळांवर ५० पौंडांची मोनो भरली आणि तिला शोभतील असे जाडजूड ३/० आकड्याचे गळ घेतले. काका आणि वहिनी यांनी मात्र खरेदीचा कंटाळा केला आणि कप्तानाला सांगून बोटीचेच रॉड वापरले. बोटीच्या रॉडवर २५ पौंडांचा फ्लोरोकार्बन लीडर (लाइनच्या टोकाला, गळाआधी बांधायचा, पाण्यात कमी दिसणारा तुकडा) आणि १ नंबरचे बारीक गळ होते.

त्या दिवशी ट्रोलिंगला, म्हणजे चालत्या बोटीमागे खोटी आमिषं ओढताना, पाच मासे आले आणि एकही तुटला नाही. गट खुशीत होता. मग थवा बोटीखाली थांबला. कप्तानाने बोट थांबवली, जिवंत अँचोव्हीची बादली पुढे आली. अँचोव्ही ही मांदेलीच्याच कुळातली, बोटभर लांबीची, नाजूक. पाऊण तासात काकांना चार मासे लागले, वहिनीला तीन. ५० पौंडवाल्या चौघांना मिळून एक. तोही, भाच्याच्या शब्दांत, "आंधळा असावा."

एकाच बोटीवर, एकाच थव्यावर, एकाच बादलीतलं आमिष. इतका स्वच्छ फरक समुद्रावर क्वचित बघायला मिळतो. तरीही घरी आल्यावर वाद सुरू झाला तो आकड्यावरच: पंचवीसने तुटते, पन्नासने लागत नाही, मग पस्तीस घ्यायची की चाळीस? याच टप्प्यावर भाच्याने मला फोन केला. त्याचा प्रश्न होता, "तू इतकी वर्षं जातोस, किती पौंडांची घ्यायची तेवढं सांग."

मी म्हटलं, आधी मला रिळं दाखव.

तुटलेली टोकं

चार रिळांवरची जुनी लाइन फेकून झाली होती, पण काकांची आणि वहिनीची रिळं पहिल्या सफरीहून आली तशीच गराजमध्ये पडून होती. शेवटचा मासा तोडून गेला, त्यानंतर त्यांना कोणी हात लावला नव्हता. या प्रकरणातला सगळ्यांत मोलाचा पुरावा तोच ठरला.

काकांच्या रिळावरच्या लाइनच्या टोकाला शेवटचा इंचभर भाग डुकराच्या शेपटीसारखा वेटोळा होता. ही खूण एकदा पाहिली की विसरत नाही. लाइन तुटलीच नव्हती, गाठ सरकून सुटली होती. मोनो ५० पौंडांची असती तरी ती गाठ सुटलीच असती. किंबहुना लवकर सुटली असती, कारण जाड लाइनवर गाठ नीट आवळून बसत नाही.

वहिनीच्या रिळावरचं टोक निराळं होतं. शेवटचे दोन-तीन फूट पांढुरके, ताणलेले, बोटाला खरखरीत. ही लाइन खरोखर ताणामुळे तुटली होती. पण रिळाकडे पाहिलं तर ते काठापासून चांगलं खोल गेलेलं, दोन-तृतीयांशच भरलेलं. लाइन किती जुनी, असं विचारल्यावर वहिनीने बोटं मोजली: तीन उन्हाळे. नायलॉन उन्हाने कमजोर होतं, आणि पाणी प्यायलेलं नायलॉन कोरड्यापेक्षा कमी ताकदीचं असतं. डब्यावरचा २५ हा आकडा नव्या लाइनचा, तिच्या पहिल्या दिवसाचा.

तिसऱ्या एका मित्राला आठवत होतं की त्याचं टोक सुरीने कापल्यासारखं साफ होतं, आणि त्याच वेळी शेजारच्या माणसाची लाइन त्याच्या लाइनवरून गेली होती. शेजाऱ्याच्या रिळावर ब्रेडेड लाइन होती, ही विणलेली, अतिशय बारीक दोरी. ताणलेली ब्रेडेड लाइन मोनोवर घासली तर मोनोचं काय होतं ते वेगळं सांगायला नको.

म्हणजे तीन टोकं आणि तीन वेगळी कारणं. त्यांतलं एकच लाइनच्या ताकदीशी संबंधित, आणि तेही नीट पाहिलं तर ड्रॅगचं, म्हणजे लाइन सुटताना रीळ जो अडथळा देतं त्याचं निघालं.

वहिनीचा रॉड आम्ही अंगणात आणला. लाइन सगळ्या कड्यांतून ओवली, टोकाला सामान तोलायचा हाताचा काटा बांधला, रॉड वाकवून धरला आणि सावकाश ओढलं. रीळ फिरू लागलं तेव्हा काटा ७ पौंड दाखवत होता. सॅमनसाठी ठीक. मग लाइन अंगणभर उलगडत नेली, रिळावरच्या वेढ्याचा व्यास सुरुवातीच्या निम्मा होईपर्यंत, आणि ड्रॅगला हात न लावता पुन्हा ओढलं. काटा १४ च्या जवळ गेला. वहिनी म्हणाली, "मी तर काहीच घट्ट केलं नाही!"

तिने नव्हतंच केलं. ड्रॅगच्या चकत्या जितका अडथळा द्यायचा तितकाच देत असतात, पण लाइन आता आसाच्या जवळून सुटत असते. व्यास निम्मा झाला की तेवढंच फिरवायला दुप्पट जोर लागतो. मासा लांब पळाला की लाइनवरचा ताण असा आपोआप वाढत जातो. त्यात पाण्यातून कमानीसारखी ओढली जाणारी शंभर-दीडशे यार्ड लाइन स्वतःचा अडथळा टाकते. म्हातारी लाइन, अर्धीमुर्धी गाठ यांमुळे २५ ची खरी ताकद १४-१५ वर आलेली, आणि त्याच वेळी ताणही तिथेच पोचलेला. अशा ठिकाणी माशाने शेपटीचा एक फटका मारला की पुरे.

माशाचं वजन आणि लाइनची ताकद यांची तुलना मुळातच चुकीची आहे. १८ पौंडांचा मासा पाण्यात १८ पौंडांनी लटकत नाही. तो पोहतो, आणि लाइनवर किती ताण यायचा ते बहुतांशी आपला ड्रॅग ठरवतो.

समोरचे पर्याय

तिसऱ्या सफरीआधी दोन महिने आम्ही सगळे बसलो. चार पर्याय टेबलावर होते.

पहिला, सगळ्यांनी बोटीचंच साहित्य वापरायचं. मला तोच बरा वाटत होता आणि मी तसं बोललोही. कप्तान त्या पाण्यात रोज जातो, त्याचे रॉड त्याच माशासाठी बांधलेले असतात, आणि दुसऱ्या वर्षी काका-वहिनींना त्यांनीच यश दिलं होतं. काका मात्र हटून बसले. "अरे, दुसऱ्याच्या रॉडने मासा काढला तर तो माझा कसा?" त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. हौसेने जाणाऱ्या माणसाला साहित्य निवडणं, बांधणं, त्याची काळजी घेणं हाही त्या हौसेचाच भाग असतो. ते काढून टाकणारा सल्ला बरोबर असला तरी टिकत नाही.

दुसरा पर्याय, सगळीकडे एकसारखी ३० पौंडांची मोनो. सोपा, स्वस्त, गुंता झाला तरी सोडवता येणारा. मोनो ताणली की रबरासारखी थोडी लांबते, त्यामुळे नवख्याच्या हाताचे झटके पचवते. अडचण जागेची. त्यांच्या सॅमनच्या रिळांवर ३० ची मोनो दोनशे यार्डही धड मावत नव्हती. मासा शंभर यार्ड पळाला की रीळ निम्मं, आणि ताण वाढत जाण्याचा तोच खेळ पुन्हा.

तिसरा, ब्रेडेड लाइन आणि तिला थेट छोटासा लीडर. तेवढ्याच ताकदीची ब्रेडेड लाइन मोनोपेक्षा खूप बारीक असल्यामुळे रिळावर भरपूर मावते. शंभर यार्ड गेली तरी वेढ्याचा व्यास फार घटत नाही, म्हणजे ताणही फार वाढत नाही. वहिनीच्या रिळाने दाखवलेल्या दुखण्यावर हे थेट औषध. पण ब्रेडेड लाइन ताणाखाली जवळजवळ लांबत नाही, हात कापते, आणि सहा जणांच्या बोटीवर शेजाऱ्याची मोनो कापते. आमच्याच एका मित्राचा मासा तशाने गेला होता.

चौथा पर्याय या दोन्हींची सांगड: रिळात खाली ब्रेडेड, तिच्यावर काही अंतर मोनो, आणि टोकाला बदलता येईल असा फ्लोरोकार्बन लीडर.

इथे एक निर्णय असा झाला की ज्याचं श्रेय भाच्याला. वाद रंगात आला असताना तो म्हणाला, "कप्तानाला विचारलं का कोणी?" दोन सफरी झाल्या तरी कोणीच विचारलं नव्हतं. फोन लावला. कप्तानाने सांगितलं, माझ्या बोटीवर उघडी ब्रेडेड लाइन पाण्यात चालणार नाही, वर किमान पन्नास-साठ फूट मोनो हवी. ट्रोलिंगचे रॉड माझे असतील, तुमचे आणू नका. जिवंत आमिषासाठी तुमचे आणा, लीडर वीस ते तीसच्या दरम्यान. पाच मिनिटांत निम्मा वाद मिटला, आणि एक जण मागवायच्या बेतात असलेले ट्रोलिंगचे दोन जड रॉड वाचले.

काय ठरलं आणि का

ट्रोलिंग बोटीवर सोपवलं. तिथे जाड लाइन चालते याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. बोट सहा-सात नॉटने चालते, पिसांची किंवा रबरी झालरीची आमिषं फेसाळ पाण्यात उड्या मारत येतात, माशाला क्षणभरात ठरवायचं असतं. लाइन त्याच्या नजरेला फारशी येत नाही. शिवाय चालत्या बोटीचा वेग आणि माशाची झडप यांचा धक्का एकदम बसतो, म्हणून तिथे ताकद हवीच. दुसऱ्या वर्षी ५० च्या लाइनने ट्रोलिंगला चांगलं काम दिलं ते याचमुळे. त्या यशानेच चौघांचा गैरसमज पक्का केला.

जिवंत आमिषाचं सगळं उलटं. बोट थांबलेली, पाणी काचेसारखं, मासा आमिषाभोवती फिरून बघणारा. अँचोव्हीला जड गळ आणि जाड लाइन ओढत पोहावं लागलं तर ती दोन मिनिटांत दमते, पृष्ठभागावर गोल गोल फिरू लागते. तिच्याकडे कोण बघणार? फ्लोरोकार्बनचा प्रकाश वाकवण्याचा गुणांक १.४२, पाण्याचा १.३३, नायलॉनचा १.५३ च्या आसपास. म्हणजे फ्लोरोकार्बन पाण्यात पूर्ण अदृश्य होत नाही, पण नायलॉनपेक्षा कमी चमकतं. माझ्या मते त्याहून मोठा फायदा लाइन बारीक असण्याचा आणि गळ हलका असण्याचा आहे. पण या माशासाठी दोन्ही घ्यावेत.

मग १५ पौंडांचा लीडर का नको? मित्रांपैकी एकाने हे विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. बारीक लाइनवर मासे जास्त लागतात, हे खरं. पण १५ ला ड्रॅग चार पौंडांच्याही खाली ठेवावा लागतो. मग एकेक मासा वीस-पंचवीस मिनिटं बोटीभोवती फिरतो, पाच जणांच्या लाइनी गुंडाळतो आणि तोवर थवा निघून जातो. त्या पाण्यात निळे शार्कही असतात. आणि ट्यूनाचं शरीर आजूबाजूच्या पाण्यापेक्षा गरम असतं. फार वेळ झुंजवलेल्या माशाचं मांस आणखी तापतं, त्याचा दर्जा उतरतो. खायला नेणाऱ्याने लाइन निवडताना हेही मोजायला हवं.

शेवटी ठरलं ते असं. सहा नवी-जुनी रिळं, आत ५० पौंडांची ब्रेडेड, वर साठ फूट ३० ची मोनो, आणि सहा फूट लीडर. लीडरच्या तीन रिळ्या बरोबर: २०, २५, ३०. सुरुवात सगळ्यांनी २५ ने करायची. मोनो ३० आणि लीडर २५ ठेवण्याचा हेतू हा की तुटलंच तर गळाजवळ तुटावं, रिळाजवळ नाही. गळ १ आणि २ नंबरचे, बारीक तारेचे.

ड्रॅग लाइनच्या ताकदीच्या पावपट, म्हणजे २५ ला सुमारे ६ पौंड, आणि तो हाताच्या अंदाजाने नाही तर काट्याने लावायचा. ज्या रिळांचा ड्रॅग लिव्हर पुढे ढकलून वाढतो, त्यांवर मासा लागल्यावर लिव्हर जिथे आणायची त्या खाचेपाशी ६ लावून ठेवले. काकांच्या रिळाचा ड्रॅग चांदणीच्या आकाराच्या चाकाने आवळायचा, त्याला अशी खाच नसते. तिथे वहिनीने नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला.

सगळ्यांत जास्त वेळ गेला गाठींवर. माझ्या गराजमध्ये प्रत्येकाने २५ च्या फ्लोरोकार्बनवर तीन-तीन गाठी बांधल्या आणि काट्याने तुटेपर्यंत ओढल्या. काका गेली तीस वर्षं बांधतात ती गाठ ११ पौंडांना सरकली. टोकाला तीच वेटोळी शेपटी! ते बराच वेळ टोकाकडे बघत राहिले. फ्लोरोकार्बन नायलॉनपेक्षा कडक आणि गुळगुळीत, त्यामुळे मोनोवर धरणारी गाठ तिथे धरेलच असं नाही. आवळताना लाइन ओली केली नाही तर घर्षणाच्या उष्णतेने जागीच कमजोर होते, हेही त्यांच्याकडून राहत होतं. सॅन डिएगो जॅम नावाची गाठ शिकायला त्यांना अर्धा तास लागला. तिसऱ्या वेळी काटा २० च्या पुढे गेला तेव्हा ते लहान मुलासारखे हसले. त्या संध्याकाळी दुसरं काहीच केलं नसतं तरी चाललं असतं, असं मला वाटतं.

तिसरी सफर

पहाटे तीनला बंदर सोडलं. ग्रेज हार्बर या खाडीच्या तोंडावरच्या लाटा ओलांडताना दोघांची पोटं ढवळली. उजाडल्यावर चाळीस मैलांवर निळं पाणी लागलं आणि साडेसातला ट्रोलिंगचे दोन रॉड एकदम वाकले.

बोट थांबली. अँचोव्ही नाकातून हलकेच ओवायची, सोडायची, रीळ मोकळं ठेवून अंगठ्याने फक्त सांभाळायचं. लाइन सरसरत निघाली की तीनपर्यंत मोजायचं आणि लिव्हर पुढे. सकाळच्या त्या एका तासात नऊ मासे लागले, आठ आले.

जो गेला तो माझ्या चुकीने गेला. एका मित्राचा मासा पळाला, रीळ सुटलं आणि थांबेचना. ड्रॅग वाढवला तरी तेच. आत बघितलं तर ब्रेडेड लाइनचा अख्खा गठ्ठा रिळाच्या आसाभोवती गरगरत होता. ब्रेडेड लाइन निसरडी असते, गुळगुळीत धातूवर थेट गुंडाळली तर पकड घेत नाही. तिच्याखाली आधी मोनोचे थोडे वेढे द्यायचे असतात. पाच रिळांना मी दिले होते. सहावं रात्री उशिरा भरलं, आणि वेढे द्यायचे राहिले. काट्याने ड्रॅग मोजला तेव्हा ते उघड झालं नाही, कारण लाइन कोरडी होती आणि ओढ सावकाश होती. मी त्या मित्राची माफी मागितली, माझा रॉड त्याला दिला.

दुपारी ऊन चढल्यावर मासे नखरे करू लागले. थवा खाली दिसत होता, आमिषाच्या फूटभर जवळ येऊन वळत होता. दुसऱ्या वर्षीचा प्रसंग इथे पुन्हा घडणार असं वाटलं. भाच्याने आपणहून लीडर कापला, २० चा बांधला, गळ आणखी लहान, २ नंबरचा घेतला आणि ड्रॅग एका पौंडाने उतरवला. काही मिनिटांत त्याला मासा लागला. मग तिघांनी तेच केलं. काका २५ वरच राहिले आणि त्यांनाही एक लागला, त्यामुळे २० नेच जादू केली असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण चार जणांना अर्ध्या तासात सहा मासे लागले, हे डोळ्यांनी पाहिलं.

मासा शेवटी बोटीखाली गोल गोल फिरू लागतो, तेव्हा सगळ्यांचा धीर सुटतो. बाहेर लाइन थोडीच उरलेली असते, म्हणजे ताण पचवणारी लवचिकताही थोडीच. नेमक्या त्याच वेळी माणूस घाई करून ड्रॅग दाबतो. एका मित्राने लिव्हर खाचेपुढे ढकलली आणि मासा गॅफच्या (मासा बोटीत ओढायच्या लांब दांड्याच्या आकड्याच्या) हातभर अंतरावर असताना गळ फाटून सुटला. बारीक गळ मांस कापत जातो, हे आम्ही त्याला आधी सांगितलंच नव्हतं. लाइन शाबूत होती, लीडर शाबूत होता, गाठ शाबूत होती.

निकाल

दिवसभरात आमच्या सहा रॉडवर २१ मासे लागले, १७ आले. गेलेल्या चारांत दोन गळ सुटून, एक माझ्या निसरड्या रिळामुळे, आणि एक लीडर गळाजवळ झिजून. झिजलेलं टोक वहिनीने जपून खिशात ठेवलं आणि संध्याकाळी मला दाखवलं: बारीक ओरखडे, दातांचे. त्या लीडरवर तिने आधी तीन मासे काढले होते. ताण पडून लाइन तुटली असं दिवसभरात एकदाही झालं नाही, आणि गळाजवळचा लीडर होता पहिल्या वर्षीच्या लाइनइतकाच, २५ किंवा त्याहून कमी.

प्रत्येक मासा आल्याबरोबर रक्त काढून बर्फाच्या पाण्यात गेला.

आज वेगळं काय केलं असतं

पहिल्या सफरीनंतरच टोकं बघायला हवी होती. बोटीवरून उतरताना सहाही रिळांवर पुरावा शाबूत होता आणि चार रिळांवरचा कचऱ्यात गेला. दोन टोकं वाचली ती निव्वळ कंटाळ्यामुळे.

कप्तानाला फोन पहिल्या वर्षीच करायला हवा होता. ज्या बोटीवर जायचं तिचे नियम आणि तिथलं पाणी माहीत असल्याशिवाय लाइन विकत घेणं म्हणजे पायाचं माप न देता चपला आणणं.

दुसऱ्या वर्षी, चौघांना मासा लागत नाही आणि दोघांना लागतो आहे हे दहा मिनिटांत दिसत होतं. त्याच वेळी बोटीवरचा २५ चा लीडर मागून आपल्या ५० च्या लाइनला बांधता आला असता. गळही बदलता आला असता. कोणाला सुचलं नाही, कारण "जाड लाइन घेतली आहे, आता तुटणार नाही" या समाधानात सगळे होते. पाऊण तास गेला.

माझ्या बाजूने: ड्रॅग मोजताना मी तो भरलेल्या रिळावर मोजला. वहिनीच्या रिळाने धडा दिल्यावरही निम्म्या रिळावर काय होतं ते नव्या मांडणीत मोजून बघितलं नाही. ब्रेडेड असल्यामुळे निभावलं. सहाव्या रिळाचं तर सांगितलंच. आणि दर दोन माशांनंतर लीडरचा शेवटचा फूटभर भाग बोटांतून ओढून बघायचा, खरखर लागली की कापून पुन्हा बांधायचा, हा नियम मला स्वतःला पाठ आहे. तो मी बाकीच्यांना सांगायला विसरलो, आणि वहिनीचा चौथा मासा त्यात गेला.

एक मुद्दा अजून मिटलेला नाही. ३० च्या मोनोऐवजी वर २५ चीच मोनो द्यावी, म्हणजे सगळंच आणखी हलकं होईल, असं भाच्याचं म्हणणं आहे. मला ते पटत नाही. लीडर २५ आणि मोनोही २५ असली तर तुटायची जागा आपल्या हातात राहत नाही. पुढच्या ऑगस्टला तो त्याच्या एका रिळावर करून बघणार आहे.

काकांनी जुनं सॅमनचं रीळ टाकलं नाही. त्यावर नवी लाइन भरून घेतली, आणि दांड्याला पांढरी पट्टी चिकटवून तिच्यावर भरल्याची तारीख लिहिली. आता गटातल्या सगळ्या रॉडवर तशी पट्टी आहे.